माउलीच्या दंडावरचे वळ

काही वर्षांपूर्वीच्या आषाढी वारीतील गोष्ट. माउलींची पालखी लोणंदला मुक्कामास होती. पाऊस नुकताच ओसरला होता आणि दिंडीतील बायामाणसे पाण्याच्या टँकरपाशी हातपाय धूत होती. आमच्या दिंडीत एक आजी होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढचे. डोईवर तुळस घेऊन त्या आळंदीपासून पायी चालत आल्या होत्या. हात धुताना त्यांनी चोळीची बाही जरा वर सारली, तो दंडावर चार बोटे ओळीने उमटलेली दिसली. डाग ताजे नव्हते. निळेपणा जाऊन कडेने पिवळसर होऊ लागले होते. म्हणजे घरून निघण्याच्या सुमाराचे.

शेजारच्या बाईने विचारले, "आजी, हे काय वो?"

"काय न्हाय गं बाय. गोठ्यात शेणावरनं पाय सरकला, पडले." एवढे बोलून आजींनी बाही खाली ओढली.

रात्री हरिपाठ झाल्यावर दिंडीतील दुसऱ्या एक वयस्कर बाई आमच्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "महाराज, पडल्यावर बोटं उठत न्हाईत." आणि आपल्या वळकटीकडे निघून गेल्या.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. आजींची दया आली म्हणून नव्हे. "पडले" हा शब्द आम्ही पूर्वी एकदा ऐकला होता, आणि तो आमच्याच घरात ऐकला होता, म्हणून.

आमच्या मातोश्री त्या वेळी ऐंशीच्या घरात होत्या. एकादशीचा दिवस, संध्याकाळी गावात कीर्तन. त्यांनाही यायचे होते. आम्ही उंबऱ्यात उभे, आणि त्या आत चष्मा शोधीत. दोनदा हाक मारली, तीनदा मारली. शेवटी आम्ही आत गेलो आणि मनगटाला धरून त्यांना ओढले. "चल ना गं आई, तुझ्यापायी अभंग सुटायचा माझा!" त्या झटक्याने त्यांचा हात दाराच्या चौकटीवर आपटला. त्या काही बोलल्या नाहीत. कीर्तनभर पदराखाली हात धरून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत हात काळानिळा झाला. शेजारच्या काकूंनी विचारले तेव्हा आई म्हणाली, "अंधारात दाराशी पडले हो." आम्ही पलीकडच्या खोलीत ज्ञानेश्वरी उघडून बसलो होतो. ऐकले, आणि ओवी पुढे वाचीत राहिलो.

वाचकहो, आज जो प्रश्न आम्ही आपणांपुढे मांडीत आहो तो हा: आम्ही त्या दिवशी हिंसा केली की नाही?

आपण वारकरी. गळ्यात तुळशीची माळ. मांसाला आपण शिवत नाही. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर पाय उचलून टाकतो. हिंसा म्हटली की आपल्यापुढे खाटकाचा सुरा येतो, किंवा दारूच्या धुंदीत काठी उगारणारा माणूस येतो. घाईत धरलेले आईचे मनगट येत नाही. आमच्या मनात राग होता, पण इजा करावी असे नव्हते. मग हिंसा कशी? असा बचाव आम्ही स्वतःशी कित्येक महिने केला.

या बचावाला पहिला धक्का दिला तो एका डॉक्टरांनी. त्यांनी समजावून सांगितले ते असे. बाईची पाळी थांबल्यानंतर तिची हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात. पुरुषाचीही वयाने होतात, पण बाईची अधिक. कातडी कागदासारखी पातळ होते, तिच्याखालचे मऊ मांस झडते, त्यामुळे जराशा धक्क्याने रक्त साकळते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आणखीच. तरुण माणसाला जो नुसता हिसका, त्याने म्हातारीचे मनगट मोडू शकते. ती उंचावरून पडावी लागत नाही. सपाट जमिनीवर उभ्या उभ्या पडली तरी खुब्याचे हाड मोडते. मग अंथरूण, अंथरुणाने पाठीला होणाऱ्या जखमा, छातीत साठणारा कफ. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचा शेवट या वाटेने होतो.

म्हणजे आमच्या हाताने लावलेला जोर किती, हे माप खोटे. माप तिच्या हाडाचे घ्यावयास पाहिजे. मूल हाती घेताना आपण हे जाणतो. बाळाची मान धरून त्याला उचलतो, कोणी शिकवावे लागत नाही. म्हातारीला उठवताना मात्र दंडाला धरून खेचतो, कारण ती मोठी आहे, तिने आपल्याला वाढविले आहे, तिला काय होणार!

दुसरा धक्का दिला तो ज्या पोथीमागे आम्ही लपलो होतो त्या पोथीनेच. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अहिंसेपाशी ज्ञानोबाराय किती वेळ थांबले आहेत ते आपण जाणताच. तेथे ते अहिंसक माणसाचे चालणे सांगतात, त्याचे बोलणे सांगतात, पाहणे सांगतात, त्याचे हात कसे असतात तेही सांगतात. आणि हे सारे मनात आधी असते, मग इंद्रियांत उतरते, असा त्यांचा निर्वाळा आहे. आम्ही हे निरूपण कितीदा वाचले, लोकांनाही सांगितले. पण हाताविषयी जे सांगितले ते आपल्या हाताविषयी आहे, हे ध्यानात आले नाही. मनात घाई होती आणि तीच हातात उतरली. आईपेक्षा आमचा अभंग मोठा, हा त्या क्षणीचा आमचा भाव होता. द्वेष नव्हता हे खरे, पण ती तेथे आहे, तिला दुखते, हा विचारच नव्हता. आता आमचे मत असे झाले आहे की रोजच्या घरात होणारी बहुतेक हिंसा द्वेषाने होत नाही. समोरच्याला दुखते याचा विसर पडल्याने होते. आणि हा विसर ज्याला पडतो त्याला आपण निर्दोष आहो असेच वाटत राहते.

याचा आणखी एक पुढचा प्रकार आहे. त्यात हातसुद्धा लागत नाही. मोरीत शेवाळ धरले आहे, रात्री उठायचे तर दिवा नाही, चष्म्याची एक काच फुटली आहे, मोतीबिंदू पिकून वर्ष झाले, चपलेचा अंगठा तुटला आहे, आणि म्हातारी पडते. सगळे म्हणतात, पडली. आम्ही विचारतो, ती नुसती पडली काय? वर्षभर ज्या दिव्यासाठी ती सांगत होती तो दिवा ज्यांनी लावला नाही, त्यांचा या पडण्यात वाटा नाही काय? महाराष्ट्रात २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या माणसांना एसटीचा प्रवास फुकट झाला. चांगलेच झाले. पण आजी पायरीवरून आत येत आहेत तोच गाडी हलते, आणि बसलेल्या तरण्या माणसांपैकी कोणी उठत नाही. तेथेही त्या "पडतात".

आता काही शंका आमच्यापुढे येतात, त्यांचा विचार करू.

पहिली शंका अशी की, हे सासूसुनांचे भांडण आहे, त्यात पुरुषांनी आणि संप्रदायाने का पडावे? आम्हांला ही शंका फार सोयीची वाटते, म्हणूनच तिचा संशय येतो. ज्या घरात म्हातारी अंथरुणाला खिळली आहे तेथे तिला उठविणे, बसविणे, धुणे, भरविणे हे सारे सून करते. रात्री दोनदा उठते, पहाटे पुन्हा शेतावर किंवा कामावर जाते. एखादे दिवशी तिच्या हातून हिसका बसतो, तोंडून वाईट शब्द जातो. तो चुकलाच. पण मुलगा? त्याने आईला कधी हिसका दिला नाही, कारण त्याने तिला कधी उठविलेच नाही. त्याचे हात स्वच्छ राहिले, आणि ते स्वच्छ हात घेऊन तो भजनात टाळ वाजवीत बसतो. सुनेला बोल लावण्यापूर्वी त्या घरातील पुरुषाने आठ दिवस आईची अंघोळ, जेवण, रात्रीचे उठणे आपल्या अंगावर घ्यावे, आणि मग बोलावे. शिवाय सगळा दोष सुनांचा असतो हेही खरे नव्हे. मुलगा दारूला पैसे मागतो, श्रावणबाळ योजनेचे पैसे बँकेतून निघाले की हिसकावून घेतो, जमिनीच्या कागदावर अंगठा उठवून घेण्यासाठी दार लावून घेतो. जन्मभर मारणारा नवरा साठी उलटली म्हणून मारायचा थांबतो असेही नाही. आणि निपुत्रिक विधवेला "ही करणी करते" म्हणून गावाने छळावे, असेही घडते. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यात कोणाला अशी चेटकीण ठरवून छळणे हाही गुन्हा आहे.

दुसरी शंका: "हिने आपल्या काळी सुनेला कमी का छळले? आता फेडते आहे." ज्याच्या तोंडी हे येते त्याने एवढे पाहावे की, हा न्याय त्याच घरात आणखी तीस वर्षांनी पुन्हा लागू व्हायचा आहे. आजच्या सुनेचीही म्हातारी होणार आहे. संतांनी वैराने वैर फेडण्याचे शिकविले नाही. कोठेतरी एकाने ही दोरी तोडायची असते, आणि माळ घालणाऱ्याने ती आपल्यापाशी तोडावी.

तिसरी शंका सर्वांत जड, कारण ती परमार्थाच्या भाषेत येते. "ज्याचे त्याचे प्रारब्ध. भोग भोगूनच सरतो." आम्ही प्रारब्ध नाकारीत नाही. पण प्रारब्ध हा शब्द ज्याच्या अंगावर दुःख आले त्याने आपल्यापुरता म्हणावयाचा आहे. त्याने तो म्हटला तर धीर येतो. दुसऱ्याचे दुःख पाहून आपण तो म्हटला तर ती पळवाट होते. विहिरीत पडलेल्याला दोर न टाकता काठावरून प्रारब्ध सांगणारा माणूस वारकरी नव्हे. तिचे दुःख हे तिचे प्रारब्ध असेल. ते आपल्या डोळ्यांना दिसले, हे आपले प्रारब्ध नव्हे काय? मग आपले कर्तव्य तेथूनच सुरू होते.

आता तिच्या त्या शब्दाकडे वळू. ती "पडले" का म्हणते? भीतीने म्हणते, हे उघड आहे. सांगितले तर रात्री पुन्हा मार. कोठे जाणार, कोण जेवू घालणार, हीही भीती. पण केवळ भीतीने म्हणत नाही. आमची आई आम्हांला भीत नव्हती. ती आमचे नाव झाकीत होती. गावात आम्हांला चार माणसे मान देतात, तो मान आपल्या काळ्यानिळ्या हातामुळे जाऊ नये, म्हणून ती स्वतः पडली. याला असत्य म्हणावयास आमची जीभ रेटत नाही. पण तिचे मौन ही तिची माया असली तरी आमचे मौन ती नव्हती. ती झाकीत होती दुसऱ्याला, आम्ही झाकीत होतो स्वतःला. आणि शेजारचे, आळीतले, दिंडीतले जे सारे ओळखून गप्प बसतात, "घरची गोष्ट आहे" म्हणतात, ते झाकतात मारणाऱ्याला.

घराची अब्रू चव्हाट्यावर आणू नये असे म्हणणाऱ्यांना आम्ही बहिणाबाईंची आठवण देऊ. तुकोबारायांची ही शिष्या १७ व्या शतकातील. नवऱ्याने तिला कसे मारले हे तिने आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत नोंदवून ठेवले आहे. संप्रदायाने ते अभंग लपविले नाहीत, संतवाणी म्हणून जपले. मार खाल्लेल्या बाईने तो सांगणे हे आपल्या परंपरेत लाज मानलेले नाही. लाज मारण्याची आहे.

हे दुःख आपल्याच मुलखाचे आहे असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे की साठीपुढच्या दर सहा माणसांमागे सुमारे एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या तऱ्हेचा छळ सोसावा लागतो. त्यांपैकी फार थोडे बोलतात. १५ जून हा दिवस या प्रश्नासाठी जगभर पाळतात. कित्येक वर्षी तो आपल्या पालख्या निघण्याच्या तोंडावर येतो.

मग करावे काय? आधी विचारावे. पण चारचौघांत नव्हे, आणि मुलासुनेसमोर तर नव्हेच. बाईने बाईला, शेजारी बसून, भाजी निवडता निवडता विचारावे. उत्तर आले नाही तर पुन्हा दुसऱ्या दिवशी बसावे. दुखापत असेल तर डॉक्टरकडे न्यावे आणि बरोबर जाणाऱ्याने डॉक्टरांना खरे सांगावे. कायदाही तिच्या बाजूचा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात केवळ पत्नी नव्हे, आईही येते. तिला घराबाहेर काढू नये, तिच्यावर हात उगारू नये, असा हुकूम कोर्ट देऊ शकते. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याप्रमाणे प्रांतांकडे पोटगीसाठी अर्ज करता येतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली जमीन मुलाने सांभाळले नाही तर परत मागता येते. म्हाताऱ्या आईबापांना टाकून देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फोन आहे, आणि जिवावर बेतले असेल तर ११२. "माझ्या लेकाला तुरुंगात घालाल" या भीतीने पुष्कळ आया गप्प राहतात. त्यांना सांगावे की पहिले पाऊल तुरुंगाचे नसते, आधी हात थांबविण्याचे असते.

लोणंदच्या त्या आजींशी पुढे काय झाले ते सांगतो. पंढरपूरला पोचल्यावर त्या दुसऱ्या बाई वाळवंटात त्यांच्याजवळ बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी आजी बोलल्या. "लेक वाईट न्हाय वो. प्याला की त्याचं त्यालाच कळत न्हाय. कुनाला सांगू नगा." त्यांच्या गावच्या विणेकऱ्यांना, आजींच्या संमतीने, एवढेच सांगितले की यापुढे दर एकादशीचे भजन आजींच्या ओसरीवर करावे, आणि मधल्या दिवशीही दोन बायांनी जाऊन यावे. कोणी मुलाला जाब विचारला नाही. पण त्या घराला माणसांचा डोळा लागला. पुढच्या वारीस आजी आल्या तेव्हा टँकरपाशी बाह्या वर करून हात धूत होत्या. प्रत्येक ठिकाणी एवढ्याने भागेल असे आम्ही म्हणत नाही. जेथे भजनाने हात थांबत नाही तेथे कायद्याचे दार ठोठावावेच लागेल, आणि ते ठोठावणे भक्तीच्या आड येत नाही.

शेवटी पुंडलिकाकडे वळतो, कारण या विषयाचा निकाल त्यानेच लावून ठेवला आहे. आपल्या जयघोषात आधी त्याचे नाव येते, मग देवाचे. चंद्रभागेत स्नान झाले की आधी त्याचे दर्शन घेतो. वीट, देवाचे तिष्ठणे, आईबापांचे पाय चुरणे हे सारे आपण गातो. पण त्या कथेचा पूर्वार्ध फार थोडे कीर्तनकार रंगवून सांगतात. तोच पुंडलिक तरुणपणी आईबापांना छळीत होता. काशीच्या वाटेवर त्याने बायकोला सुखाने नेले आणि म्हाताऱ्या आईबापांना पायी रखडविले. कुक्कुट मुनींच्या आश्रमात मळक्या वस्त्रांच्या तीन स्त्रिया आश्रमाची झाडलोट करून शुभ्र होऊन निघालेल्या त्याने पाहिल्या. त्या गंगा, यमुना आणि सरस्वती. मुनी आईबापांची सेवा करतात म्हणून येथे येऊन आम्ही शुद्ध होतो, असे त्यांनी सांगितले, तेव्हा त्याचे डोळे उघडले.

म्हणजे आपले पंढरपूर एका छळलेल्या आईच्या घरातून उभे राहिले आहे. ज्याने छळले त्यालाच कळले, आणि त्याने कळल्यावर नुसता पश्चात्ताप केला नाही, तिचे पाय हातात घेतले. देव दारी आला तरी सोडले नाहीत. देवानेही रागावून परत जाण्याऐवजी विटेवर उभे राहून वाट पाहिली. आम्ही आईला ओढले ते हरिकीर्तनाला उशीर होऊ नये म्हणून. आता कळते की आईचा चष्मा सापडेपर्यंत तो थांबला असता. अठ्ठावीस युगे थांबलेल्याला आमचा अर्धा तास जड नव्हता.

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो आणि लहानथोर सर्वांना माउली म्हणतो. एकविसाव्या वर्षी समाधी घेतलेल्या ज्ञानोबांनाही आपण आईचेच नाव दिले. हे नाव वाखरीपर्यंत तोंडात ठेवून घरी गेल्यावर विसरायचे असेल तर ते न घेतलेले बरे. यंदा वारीला निघण्याआधी एवढे पाहावे: घरी जी माउली राहणार आहे तिच्या उशाशी दिवा आहे ना, मोरीत धरायला काही आहे ना, चष्मा धड आहे ना, तिला उठविणाऱ्या हाताला मदतीला दुसरा हात आहे ना. आणि तिच्या अंगावर डाग दिसला व ती "पडले" म्हणाली, तर पोथी मिटून तिच्याजवळ जाऊन बसावे.

आमच्या आईला जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिची क्षमा आम्ही तेव्हा मागितली नाही, आता मागता येत नाही. ज्यांची आई आहे त्यांना हे सांगता यावे, एवढ्यासाठीच हे लिहिले. रामकृष्णहरी.